बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

घरात बाळ जन्मले की आनंदाला सीमा राहत नाही. कानात अजान दिली जाते, सातव्या दिवशी अकीका होतो, नातलगांची रीघ लागते. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, खारीक-खोबरे, हळीवाची खीर होते. चाळीस दिवसांच्या चिल्ल्यात तिला आराम मिळावा म्हणून आई किंवा सासू धडपडते. शरीराची काळजी घेण्यात आपली घरे सहसा कमी पडत नाहीत. मात्र “बेटी, तुझ्या मनाला कसे वाटते?” हा प्रश्न तिला फार थोडे लोक विचारतात.

तीही आपणहून सांगत नाही. ती म्हणते, अंगात ताकद नाही, डोके दुखते, झोप लागत नाही, जेवण जात नाही. मग रक्तवाढीच्या गोळ्या येतात, सलाईन लावली जाते. अशक्तपणा खराही असतो आणि त्याची तपासणी हवीच. पण पुष्कळदा मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत बोलत असते.

गोव्यातील अभ्यास

डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात 270 गरोदर स्त्रियांची नोंद करून बाळंतपणानंतरही त्यांचा मागोवा घेतला. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्याचा आजार आढळला, म्हणजे जवळजवळ चारांत एक. हा काळ लक्षात घ्या. चिल्ला नुकताच संपलेला असतो, पाहुणे परतलेले असतात आणि घरकामाचा गाडा पुन्हा तिच्या अंगावर आलेला असतो.

यांपैकी बहुतेक स्त्रियांचे मन गरोदरपणातच खचलेले होते आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. “होईल आपोआप ठीक” असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

कारणे पाहिली तर मान खाली जाते. घरची ओढगस्त, पतीशी बिघडलेले संबंध आणि बाळाचे मुलगी असणे. मारहाण किंवा उपासमार सोसणाऱ्या स्त्रीवर मुलगा झाला की मुलगी, याचाही परिणाम होत होता. मुलगी झाल्याची वार्ता ऐकून ज्यांचे चेहरे काळवंडत, त्यांची कुरआनने सूरह नहलमध्ये कठोर निर्भर्त्सना केली आहे. ती आयत आपण पठण करतो. आता आपापल्या घरातले चेहरेही पाहायला हवेत.

रावळपिंडीच्या खेड्यांतला उपाय

दुसरे उदाहरण पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागातले आहे. तेथे मानसोपचारतज्ज्ञ मिळणे कठीण. डॉ. आतिफ रहमान यांच्या गटाने गावोगावी फिरणाऱ्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ना थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण दिले. आपल्याकडच्या आशाताईंसारख्याच या बायका. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचे होईपर्यंत त्या एकूण सोळा वेळा नैराश्यग्रस्त मातेच्या घरी जात.

त्यांनी ‘मनोरुग्ण’ हा शब्द उंबरठ्याच्या बाहेर ठेवला. बोलणे सुरू होई ते बाळाच्या वाढीपासून, म्हणजे सासूही जवळ बसे आणि पतीलाही सामील करून घेता येई. मग हळूहळू तिच्या मनातले निराश विचार ओळखायचे, त्यांच्या जागी उपयोगी विचार आणायचा आणि पुढच्या भेटीपर्यंत करायची एखादी छोटी गोष्ट ठरवायची.

सुमारे 900 मातांवरील या अभ्यासाचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा असा आधार मिळालेल्या मातांपैकी 23 टक्के नैराश्यात होत्या; ज्यांच्याकडे केवळ नेहमीसारख्या भेटी झाल्या, त्यांच्यात हे प्रमाण 53 टक्के होते. आधार मिळालेल्या घरांत बाळांना जुलाब कमी झाले, लसीकरण अधिक पूर्ण झाले आणि आई-वडील दोघेही बाळाशी जास्त खेळू लागले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली.

ईमान कमजोर आहे काय?

आपल्या समाजात उदास स्त्रीला सहज ऐकवले जाते, “नमाज नीट पढ, नाशुक्री करू नकोस.” नमाज व दुआ हा मोमिनाचा आधार आहे, यात शंका नाही. पण दुःखी असणे म्हणजे ईमान कमी असणे, हे कोणी ठरवले?

सूरह मरयम आठवा. प्रसववेदनांनी व्याकूळ झालेल्या माननीय मरयम (अ.) खजुराच्या झाडाखाली एकट्या होत्या. यापूर्वीच मरण आले असते तर बरे, असे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. त्यांचे ईमान कमजोर होते, असे म्हणण्याची कोणाची हिंमत आहे? आणि अल्लाहकडून त्यांना दोष मिळाला नाही. दुःख करू नकोस असा दिलासा मिळाला, पाण्याचा झरा मिळाला, ताजे खजूर मिळाले. लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यातूनही त्यांची सुटका झाली. दिलासा, अन्न आणि टोमण्यांपासून संरक्षण: बाळंतिणीला आणखी काय हवे असते?

आपण काय करू शकतो

• चिल्ला संपल्यावर विचारपूस थांबवू नका. खरी गरज तेव्हाच सुरू होते.

• पतीने रात्री काही वेळ बाळाला घ्यावे, म्हणजे तिला सलग झोप मिळेल. प्रेषित मुहम्मद (स.) घरच्या कामांत हातभार लावत असत, हे विसरू नये.

• सासूबाईंनी आपल्या वेळच्या बाळंतपणांशी तुलना करू नये. “आम्ही नाही का काढली?” या वाक्याने सुनेचे तोंड कायमचे बंद होते.

• उदासी, रडू, कशातच मन न लागणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

• जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, भ्रम झाल्यासारखी वागू लागली किंवा बाळाला इजा करण्याचे विचार सांगू लागली, तर तिला एकटे सोडू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. याला ‘असर’ म्हणून दिवस घालवू नका.

रावळपिंडीच्या त्या बायका फार शिकलेल्या नव्हत्या. त्या वेळेवर गेल्या, जवळ बसल्या आणि त्यांनी ऐकून घेतले. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात अशा चार भगिनी उभ्या राहिल्या, तर कितीतरी घरे सावरतील, इन्शाअल्लाह.