‘दॅट्’-उपवाक्यातील लुप्त ‘ऑन’ व ‘शुड्’

इंग्रजीत ‘इन्सिस्ट’ ह्या क्रियापदानंतर नाम आल्यास ‘ऑन’ लागते. ‘दॅट्’-उपवाक्य आल्यास ते गळते. संबंध मात्र सुटत नाही. उपवाक्य कर्मणी रचनेत आरंभी नेले, की ‘दॅट् ही शुड् गो वॉज इन्सिस्टेड ऑन’ असे ‘ऑन’ पुन्हा प्रकट होते.

‘शुड्’चा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘आय इन्सिस्टेड दॅट् ही शुड् गो’ म्हणजे त्याने जावे असा आग्रह; ‘दॅट् ही वेन्ट’ म्हणजे तो गेला हे ठासून सांगणे. अमेरिकन लेखनात आग्रहार्थी नुसते ‘गो’ रूढ आहे. ब्रिटिश प्रयोगात ‘इन्सिस्ट दॅट् ही गोज’ हेही आग्रहार्थी आढळते, आणि तेथे दोन्ही अर्थ संभवतात. तेव्हा ह्या ‘शुड्’चे ‘पाहिजे’ असे ठोकळ भाषांतर आम्हांस मान्य नाही. मराठी विध्यर्थी ‘जावे’ हेच त्याचे खरे प्रतिरूप होय.