धावणाऱ्या शब्दाचे ६४५ अर्थ

क्रिकेट बघताना कधी विचार केलाय का? फलंदाजाने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला, स्वतः जागचा हललाही नाही, तरी त्याच्या नावावर सहा रन लागतात. रन म्हणजे तर धावणं! मग इथे धावलं कोण? त्याचं असं आहे, सुरुवातीच्या काळात प्रत्येक रन खरोखर पळूनच काढावी लागे. पुढे सीमारेषा आली, पळणं वाचलं, नाव मात्र तेच राहिलं.

हा 'रन' शब्द नुसता मैदानावर थांबत नाही बरं का. इंग्रजीत नळाचं पाणी रन होतं. सर्दी झाली की नाकही रन होतं. धुताना कपड्याचा रंग गेला, तर तोही रन झाला. दुकान चालवणं म्हणजे रन करणं, आणि घरातलं दूध संपलं तर ते 'रन आउट'! मला सगळ्यात मजा वाटते निवडणुकीची. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत रन करतो, म्हणजे धावतो. इंग्लंडमधला मात्र आपल्या उमेदवारासारखाच 'उभा राहतो'.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी या एका शब्दाचा हिशोब लावायला घेतला, आणि त्यात त्यांचे नऊ महिने गेले! २०११ साली तो पुरा झाला, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. त्याआधीच्या, १९८९च्या आवृत्तीत पहिला नंबर होता 'सेट' या शब्दाचा. त्याचे अर्थ होते ४३०च्या आसपास.

'रन' एवढा पुढे कसा गेला? यंत्रांमुळे. फार पूर्वी इंग्रजीत रन व्हायची ती मुख्यतः माणसं, जनावरं आणि वाहतं पाणी. मग वाफेची इंजिनं आली, आगगाड्या आल्या, कारखाने आले, शेवटी कंप्युटरचे प्रोग्रॅम आले. प्रत्येक नव्या वस्तूला लोकांनी हाच जुना शब्द लावला. अर्थ वाढतात ते असे. आधी लोक बोलतात, मग कोशकार त्यांच्या मागोमाग जाऊन ते टिपतात.

टिपतात कसे, ते तर ऐकाच. १८७९ साली जेम्स मरे या कोशाचे संपादक झाले. त्यांनी लोकांना आवाहन केलं, की पुस्तकं वाचा आणि शब्द ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य आम्हाला पाठवा. एका चिठ्ठीवर एकच शब्द. खाली ते वाक्य, पुस्तकाचं नाव, साल आणि पान. अशा लाखो चिठ्ठ्या आल्या! ऑक्सफर्डमध्ये मरे यांच्या बागेत पत्र्याची एक खोली होती, तिथे भिंतींवरच्या खणांत त्या लावून ठेवत. टपाल इतकं यायचं-जायचं, की त्यांच्या घरासमोर खास टपालपेटी बसवली होती. मरे यांना अकरा मुलं. चिठ्ठ्या अक्षरवार लावायच्या कामाला तीही बसत आणि त्याचे त्यांना खाऊला पैसे मिळत. एकाच शब्दाच्या चिठ्ठ्या जमल्या, की अर्थ बघून त्यांचे ढीग करायचे. जेवढे ढीग, साधारण तेवढे अर्थ.

हे काम तुम्हालाही करता येईल. इंग्रजीने यंत्राला धावायला लावलं, आपण लावलं चालायला. घड्याळ चालतं, पंखा चालतो, मोबाइल चालतो. तेव्हा 'चालणे' हाच शब्द घ्या. जुन्या वहीच्या कोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या करा आणि आठवडाभर कान उघडे ठेवा. वाक्य ऐकलं की लिहायचं. कोण बोललं आणि कधी, तेही लिहायचं. 'ही नोट चालणार नाही.' 'त्याचं डोकं भारी चालतं.' 'तुमचं काय चाललंय?' 'चहा चालेल?' रविवारी सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि ढीग लावा. एखादी चिठ्ठी कुठेच बसत नसेल, तर तिच्यासाठी नवा ढीग करा. किती ढीग झाले, ते आम्हाला नक्की कळवा!