मोठ्या शहरांत आपलें माणूस

दरवर्षीं जून महिना उजाडला, म्हणजे आमच्या गंगापूर तालुक्यांतील कांहीं तरुण घरचा उंबरठा ओलांडतात. कोणी वाळूजच्या कारखान्यांत काम शोधतो, कोणी छत्रपति संभाजीनगरास शिकावयास राहतो, तर कोणी लासूर स्टेशनावर आगगाडींत बसून मुंबईची वाट धरतो. पावसानें पाठ फिरविली, कीं कापूस-बाजरीच्या उत्पन्नांत घर चालत नाहीं; तेव्हां हें जाणें हौसेचें नसून गरजेचें असतें.

अशा तरुणास शहरांत दोन प्रकारची भूक लागते. एक पोटाची, ती सर्वांस दिसते. दुसरी आपल्या माणसांची. ती कोणास दिसत नाहीं. ही दुसरी भूक भागली नाहीं, तर पोट भरलेला मनुष्यहि खचून जातो. पूर्वीच्या लोकांनीं ती कशी भागविली, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

मुंबईंत पहिली कापडगिरणी १८५४ सालीं स्थापन झाली. पुढें लालबाग, परळ, वरळी या भागांत गिरण्यांभोंवतीं एक नगरच उभें राहिलें. त्यास लोक गिरणगांव म्हणूं लागले. कोंकणांतून व घांटावरून आलेल्या तरुणास एकट्याच्या पगारांत खोली परवडत नसे. म्हणून एका गांवचे बरेच गडी मिळून एकच खोली भाड्यानें घेत. दिवसपाळीचा गडी कामावर गेला, कीं रात्रपाळीचा त्याच्या जागीं पाठ टेकी. जेवण खाणावळवाल्या बाईकडे असे आणि तिचे पैसे पगार झाल्यावर चुकते होत. गांवाहून नवा मुलगा आला, तर काम मिळेपर्यंत त्यास तेथें आसरा मिळे. ज्यास लिहितां येई, तो इतरांचीं पत्रें लिहून देई. गरिबी सर्वांची तशीच राहिली. परंतु ती एकट्याची राहिली नाहीं. हेंच त्या व्यवस्थेचें मर्म होय.

तथापि या चित्रास काळी बाजूहि होती. खोलीचें दार पुष्कळदां गांव व जात पाहून उघडे. गिरण्यांच्या विणकामखात्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांस प्रवेश नसे. १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढें स्पष्टपणें मांडला. जो आपलेपणा कोणास तरी बाहेर ठेवून उभा राहतो, तो अपुराच होय. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले; त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि गिरणगांव विस्कटलें.

हा अपुरेपणा दूर करण्याचा मार्ग कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं दाखविला. १९२४ सालीं त्यांनीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातिधर्मांचीं गरीब मुलें एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवत. मुलांस उपास घडूं नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरील दागिने मोडले. आमच्या मराठवाड्यांत डॉ. आंबेडकरांच्या संस्थेनें १९५० सालीं औरंगाबादेस महाविद्यालय काढलें. तेंच आजचें मिलिंद. १९५५ सालीं पुण्यास विद्यार्थी सहाय्यक समिति स्थापन झाली, ती खेड्यांतील गरजू विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाची सोय पाहते. आज समाजकल्याण खात्याचीं वसतिगृहें आहेत व विद्यापीठांत 'कमवा व शिका' योजनाहि आहे. ज्यास त्यांची माहिती नाहीं, त्यास तीं असून नसल्यासारखीं होत.

कवि नारायण सुर्वे यांचें उदाहरण या ठिकाणीं आठवतें. रस्त्यावर टाकलेलें हें तान्हें मूल गंगाराम सुर्वे नांवाच्या गिरणीकामगारानें उचलून घरीं नेलें व त्यास स्वतःचें नांव दिलें. मुलानें मिळेल तें काम केलें, शाळेंत शिपाई झाला, सातवीची परीक्षा दिली आणि शिक्षक झाला. त्यांचा 'माझें विद्यापीठ' हा काव्यसंग्रह १९६६ सालीं निघाला. १९९५ सालीं आमच्या मराठवाड्यांतच, परभणीस, ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ज्याच्याजवळ स्वतःस पुरेसें नव्हतें, अशा एका माणसानें दार उघडलें, त्याचें हें फळ होय.

विद्यार्थिमित्रांनो, शहरांत खोटा आपलेपणाहि स्वस्त मिळतो. क्षणांत मोबाईलवर कर्ज देणारा, पत्त्यांच्या अड्ड्यावर चहा पाजणारा, भांडणांत पुढें करण्यासाठीं 'भाऊ' म्हणणारा, हे सर्व एकट्या पडलेल्या मुलासच हेरतात. खऱ्या सोबत्याची ओळख सोपी आहे: तो तुमच्या घरची विचारपूस करतो, आजारांत उशाशीं बसतो, आणि तुमच्या चुकीस चूक म्हणतो. असा सोबती वाचनालयांत, रात्रशाळेंत, कामाच्या जागीं, भजनांत किंवा प्रार्थनेंत सांपडतो. परंतु त्यासाठीं प्रथम आपण कोणाचे तरी सोबती व्हावें लागतें.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. मुलगा वा मुलगी निघण्यापूर्वीं वसतिगृहाचा अर्ज भरला कीं नाहीं, तें पाहावें. तेथील एका तरी ओळखीच्या माणसाचा पत्ता जवळ द्यावा. आणि फोन आल्यावर पहिला प्रश्न पैशांचा न करतां 'आज जेवलास का? कोणाबरोबर जेवलास?' असा करावा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून मुलाचें बरेचसें कुशल आपणांस कळेल.