शंभराचे एकशे साठ

पशुपतिनाथ किंवा मुक्तिनाथाच्या यात्रेला निघालेल्या भारतीय प्रवाशाला चलनाची चिंता सहसा शिवत नाही. पारपत्र लागत नाही, व्हिसा लागत नाही आणि खिशातला रुपया तिकडेही चालतो, अशी आपली समजूत पक्की असते. तिच्यात अर्धेच तथ्य आहे. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. डॉलरसमोर आपला रुपया घसरला की नेपाळी रुपयाही त्याच पावलांनी खाली उतरतो. त्यामुळे दराचा तक्ता पाहण्याची गरज उरत नाही. अडचण निघते ती दुसरीकडे.

पहिली खोच नावातच आहे. दोन्ही चलने 'रुपया'च. दुकानदार आठशे म्हणाला तर ते कोणते आठशे, हे विचारून घेणे बरे. बोलण्यात तिकडे 'आयसी' आणि 'एनसी' असे शब्द आहेत. लिहिताना 'भारु' आणि 'नेरु'. नेपाळी किमतीला आठाने भागावे आणि पाचाने गुणावे, की आपला आकडा मिळतो: आठशे नेरु म्हणजे पाचशे भारु. नोटाही ओळखायला सोप्या आहेत. राजेशाही संपल्यावर राजाच्या चित्राच्या जागी सगरमाथा आला. मागच्या बाजूला शंभराच्या नोटेवर गेंडा, पाचशेच्या नोटेवर वाघ आणि हजाराच्या नोटेवर हत्ती.

दुसरी खोच अधिक गंभीर आहे. आपल्या नोटेची तिकडची किंमत दरावर जेवढी ठरते, तेवढीच ती नोट किती रुपयांची आहे यावरही ठरते. माझ्या सेवाकाळातील काही वर्षे उत्तर बिहारमध्ये गेली. रक्सौलचा पूल ओलांडून वीरगंजच्या बाजारात गेले की शंभराच्या पाच नोटांना जे सहज मिळे, तेच पाचशेच्या एका नोटेला मिळवताना घासाघीस करावी लागे. मराठीत या तुटीला नेमका शब्द आहे: बट्टा. पेशवाईत अंकुशी, चांदवडी अशा नाना रुपयांची पारख करून सराफ बट्टा कापत, आणि दूरच्या पेठेतील पैशाचा भाव हुंडणावळीने ठरे. १८३५ मध्ये कंपनी सरकारने एकच रुपया प्रमाण ठरवला आणि पुढे हे शब्द हळूहळू मागे पडले. सीमेवर मात्र बट्टा अजून जिवंत आहे, आणि गंमत अशी की तिथे तो एकाच बँकेच्या, एकाच गव्हर्नरच्या सहीच्या दोन नोटांमध्ये लागतो.

याचे कारण कायद्यात आहे. बनावट नोटांच्या भीतीने भारताने शंभरपेक्षा मोठ्या नोटा नेपाळात नेण्यास अनेक वर्षे मनाई केली होती. ती सैल होऊन २०१५ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा पंचवीस हजार रुपयांपर्यंत नेण्याची मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, त्याच नोटा बाद झाल्या. भारतातील नागरिकाला त्या बदलून घेण्यासाठी बँकेची रांग तरी होती. नेपाळमधील बँकांच्या तिजोऱ्यांत आणि तराईतल्या घरांच्या पेट्यांत पडलेल्या नोटांना ती रांग नव्हती. त्या परत घेण्याचा प्रश्न दोन्ही देशांच्या चर्चांत वर्षानुवर्षे रेंगाळला. नव्या पाचशे आणि दोन हजाराच्या नोटांबाबत भारताकडून रीतसर अधिसूचना नाही, म्हणून नेपाळ राष्ट्र बँकेने त्याच महिन्यात त्या नोटा अवैध ठरवल्या. डिसेंबर २०१८ मध्ये तर नेपाळच्या मंत्रिमंडळाने शंभरपेक्षा मोठ्या सर्वच भारतीय नोटांवर बंदी घातली. त्यानंतरही हे नियम हलते राहिले आहेत. म्हणून प्रवाशाने निघण्यापूर्वी दोन्ही मध्यवर्ती बँकांचे ताजे परिपत्रक पाहावे, आणि काही झाले तरी शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात.

यात्रेकरूची गैरसोय चार दिवसांची. ज्याची मिळकतच या नोटांत असते, त्याचे काय? रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत राखणीला नेपाळी गडी असतात. हंगाम आटोपला की पावसाच्या तोंडावर ते घरी परततात आणि मजुरी बहुधा पाचशेच्या नोटांतच हाती पडलेली असते. बंदीच्या काळात सीमेवर ही पुरचुंडी सोडताना त्याला दोनच वाटा उरत. मोठ्या नोटांच्या बदल्यात लहान नोटा देणाऱ्या दलालाला बट्टा द्यायचा, किंवा नोटा लपवून न्यायच्या आणि घामाच्या पैशाचा तस्कर ठरायचा. रिझर्व्ह बँकेने २००८ पासून एनईएफटीमार्फत नेपाळला पैसे पाठवण्याची सोय केली आहे; बँकेत खाते नसलेल्यालाही ठरावीक मर्यादेत रोख भरून पैसे पाठवता येतात. योजना चांगली आहे. पण ती त्या बागेपर्यंत पोहोचवण्याचे काम कोणाचे, हे कोणत्याच परिपत्रकात लिहिलेले नसते. प्रशासनात हयात घालवल्यावर मला अशा न लिहिलेल्या ओळी आधी दिसतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक जुनी आठवण येते. मल्ल राजांच्या काळी काठमांडूच्या खोऱ्यात पाडलेली चांदीची नाणी तिबेटात चालत. पुढे त्यांत हिणकस धातू मिसळला जाऊ लागला. गुरखा राज्याने शुद्ध नाणी पाडायला घेतली, तेव्हा तिबेटात साठलेल्या जुन्या नाण्यांचे काय आणि नव्या-जुन्यांचा दर कोणता, यावर वाद पेटला. १७८८ मध्ये नेपाळ आणि तिबेट यांच्यात युद्ध झाले, त्याच्या कारणांत हा वाद ठळक होता. म्हणजे परक्या चलनात बचत ठेवणाऱ्याची ससेहोलपट नेपाळला नवी नाही. फरक इतकाच की तेव्हा नाणी पाडणारा नेपाळ होता आणि सोसणारा तिबेट.

भूतानचे चित्र वेगळे. १९७४ मध्ये सुरू झालेला तिथला ङुल्ट्रम आपल्या रुपयाच्या बरोबरीचा आहे, आणि रुपयाही तिथे चालतो. पण ही बरोबरी एकाच दिशेची आहे. फुंटशोलिंगचे प्रवेशद्वार ओलांडून जयगावात आले की ङुल्ट्रम बाजारापुरता चालतो, त्यापुढे सिलिगुडीच्या वाटेवर त्याची पत संपते. म्हणून परतताना उरलेले ङुल्ट्रम सीमेवरच संपवावेत. २०१२ मध्ये भूतानला रुपयांचा असा तुटवडा पडला, की तिथल्या मध्यवर्ती बँकेला वाहन आणि घरबांधणीच्या कर्जांना चाप लावावा लागला.

आता क्यूआर कोडने बरेच सोपे झाले आहे. भूतानमध्ये २०२१ पासून आणि नेपाळमध्ये २०२४ पासून यूपीआयने पैसे देता येतात, त्यामुळे काठमांडूच्या हॉटेलात भारतीय पर्यटकाला नोटेचा आकार आडवा येत नाही. डोंगरातल्या गावी परतणाऱ्या राखणदाराला मात्र तो येतोच.

जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापाराचे व्यवहार रुपयात मिटवण्याची वाट खुली केली आणि तेव्हापासून रुपयाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाची चर्चा दिल्लीत जोरात आहे. ज्या शेजाऱ्यांनी तो पिढ्यान् पिढ्या घरात साठवला, त्यांचा अनुभव या चर्चेत क्वचितच येतो. नवी नोट काढताना किंवा जुनी मागे घेताना काठमांडू आणि थिंफूसाठीची अधिसूचना त्याच दिवशी निघावी, आणि तिथल्या मध्यवर्ती बँकांकडील साठा बदलून देण्याची मुदत तिच्यातच लिहिलेली असावी. त्यासाठी वेगळी समिती नेमण्याची गरज नाही. मसुद्यात एक परिच्छेद वाढवावा लागेल, इतकेच.