सरकारविषयीचं खरं-खोटं सरकारनेच ठरवायचं?

लाटंबार्शाहून दोडामार्गच्या वाटेला लागलं की राज्य बदलतं. गोव्यातून दारू नेणाऱ्याला तिथे पोलिसांची धास्ती असते. मोबाइलमधल्या व्हिडिओला मात्र ना हद्द ना नाका. डिचोलीत कुणी काही टाकलं की चहा निवायच्या आत ते सावंतवाडीत पोचतं. ते अडवायचं तर कुणी, आणि कुठल्या अधिकाराने?

मजकूर अडवण्याची हौस गोव्याला नवी नाही. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या अमदानीत इथलं वर्तमानपत्र छापण्याआधी सेन्सॉरकडे जायचं. लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसत. तो जाच गोवामुक्तीबरोबर, १९ डिसेंबर १९६१ ला संपला.

इंटरनेटच्या काळात त्याची जागा ‘६६-अ’ने घेतली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या या कलमानुसार ‘त्रासदायक’ मजकुरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होती. आता त्रास कुणाला कशाचा होईल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर, नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघरच्या एका तरुणीने मुंबई बंदवर फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिला अटक झालीच, पण ती पोस्ट ‘लाइक’ करणाऱ्या मैत्रिणीलाही पोलीस घेऊन गेले. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास गोव्यातही एका अभियंत्यावर फेसबुकवरच्या राजकीय मजकुरापायी गुन्हा नोंदला गेला. अखेर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलमच रद्द केलं.

पुढचा डाव जास्त हुशारीचा होता. एप्रिल २०२३ च्या नियमदुरुस्तीने केंद्राने स्वतःच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा की खरा हे ठरवायला स्वतःचाच तथ्य-तपासणी कक्ष नेमायचं ठरवलं. कक्षाने बोट दाखवलेला मजकूर काढा, अशी थेट सक्ती समाजमाध्यम कंपन्यांवर नव्हती. पण ठेवला तर इतरांच्या मजकुरासाठी त्यांना मिळणारं कायद्याचं संरक्षण जाणार. मग कोण कशाला ठेवील? विनोदवीर कुणाल कामरा आणि इतर याचिकाकर्ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि नीला गोखले यांचं एकमत झालं नाही. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. गोव्याचं उच्च न्यायालयही तेच, तेव्हा हा निकाल आपल्या घरचाच.

म्हणजे सरकारने हात बांधून बसावं का? मुळीच नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं, दंगल पेटवणाऱ्या चिथावण्या हटवायलाच हव्यात, आणि तेही तातडीने. पण नुसती घाई अंगाशी येते. जर्मनीने २०१७ च्या कायद्यात उघडउघड बेकायदा मजकूर काढायला २४ तास दिले आणि पाच कोटी युरोंपर्यंत दंड ठेवला. दंडाच्या भीतीने कंपन्या वैध मजकूरही पुसतील, अशी टीका लगेच झाली, आणि ती रास्त होती.

आपल्याकडे तर मजकूर हटवण्याचा आदेशच दिसत नाही. त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्राला मजकूर रोखता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे कलम कायम ठेवलं. त्यात कारणं लेखी नोंदवायची अट आहे, हेही त्यामागचं एक कारण. पण या कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला सोळावा नियम हे सगळं गोपनीय ठेवायला सांगतो. लिहिणाऱ्याला कारणच कळलं नाही, तर तो न्यायालयात दाद मागणार ती कशाच्या आधारावर? मजकूर हटवण्याचा अधिकार सरकारकडे जरूर असू दे. पण प्रत्येक आदेश, त्याचं कारण आणि सही करणाऱ्याचा हुद्दा जाहीर व्हायला हवा. त्यासाठी आधी सोळावा नियम रद्द करा.