कोलशेतच्या जमिनीचा हिशेब

ठाणे शहराच्या उत्तर बाजूस, उल्हास नदीच्या खाडीकाठी कोलशेत हे कोळी-आगऱ्यांचे जुने गाव आहे. एके काळी मुंबईकर वाचकास हे नाव ठाऊक असलेच तर ते तेथल्या रेतीबंदरामुळे किंवा रसायनांच्या कारखान्यांमुळे असे. सँडोझ, बायर अशा परदेशी कंपन्यांनी स्वातंत्र्योत्तर काळात या पट्ट्यात आपली धुरांडी उभी केली, आणि कपूरबावडीहून खाडीकडे जाणारा रस्ता कामगारांच्या पाळ्यांच्या वेळापत्रकावर चालू लागला. ती धुरांडी आता थंडावली आहेत. सँडोझचा वारसा चालविणाऱ्या क्लॅरिअंट कंपनीने आपली कोलशेतची जमीन २०१४ मध्ये सुमारे १,१५४ कोटी रुपयांस लोढा समूहास विकली. बायरची शंभराहून अधिक एकर जमीन कल्पतरु समूहाकडे गेली. जेथे रंग आणि कीटकनाशके तयार होत, तेथे आज तीस-तीस मजल्यांची घरे उभी आहेत, आणि उरलेल्या जमिनीवर कचेऱ्यांची संकुले, ज्यांस आपण हल्ली 'बिझनेस पार्क' म्हणतो, उभी राहावीत असा विचार वारंवार मांडला जातो.

हा विचार मुळातच वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. किंबहुना ठाण्यास घरांपेक्षा कचेऱ्यांची गरज अधिक आहे, असे आम्ही प्रारंभीच सांगून टाकतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८,४१,४८८ इतकी भरली. त्यानंतर ती किती वाढली, हे घोडबंदर मार्गावर सायंकाळी अर्धा तास उभे राहणाऱ्यास सांगावयास नको. या शहराने, आणि पलीकडील कल्याण-डोंबिवलीने, गेली साठ-सत्तर वर्षे मुंबईच्या कचेऱ्यांस मनुष्यबळ पुरविले आणि बदल्यात गर्दीने फुटणाऱ्या गाड्या पत्करल्या. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी एकमेकांस घासून खाली पडले आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. ते सहलीस निघालेले नव्हते. सोमवारी सकाळी कामावर निघाले होते. त्यांच्या घराजवळ काम नेणारी कोणतीही योजना त्याज्य ठरविण्यापूर्वी शंभरदा विचार केला पाहिजे. वागळे इस्टेटीत, घोडबंदर मार्गावर अशी संकुले उभी राहिली आणि हजारो तरुणांचा दादर-कुर्ल्याचा फेरा वाचला, हेही मान्य केले पाहिजे.

प्रश्न आहे तो असे संकुल कोणत्या हिशेबावर उभे राहते, आणि तो हिशेब तपासण्याची संधी ठाणेकरास कधी मिळते, हा. याचे उत्तर ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. साधारण समज असा आहे की मोठी इमारत उभी राहावयाची म्हणजे कोठेतरी जनसुनावणी होत असेल, कोणी अधिकारी लोकांचे म्हणणे ऐकून घेत असेल. कारखाना निघावयाचा असेल तर तशी सुनावणी बहुधा होतेही. परंतु पर्यावरणीय परवानगीसंबंधी केंद्र सरकारची जी २००६ ची अधिसूचना आहे, तिने बांधकाम प्रकल्पांस आणि नगरवसाहतींस जनसुनावणीतून वगळले आहे. वीस हजार चौरस मीटरांपासून पुढील बांधकामास पर्यावरणाची मंजुरी लागते खरी. पण ती मंजुरी तज्ज्ञांच्या समितीपुढे, कागदपत्रांवर ठरते. शेजारच्या चाळीतील माणसास तेथे बोलावणे नसते. शिवाय कारखान्याची जमीन निवासास अथवा व्यापारास वापरण्याची मुभा नियमावलीतच आहे. ठरावीक हिस्सा सार्वजनिक सुविधांसाठी सोडावा, कामगारांची देणी भागविल्याचे कामगार आयुक्तांचे प्रमाणपत्र आणावे, अशा अटी तीत आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. परंतु त्या पाळल्या गेल्या की नाही, हे पाहण्याचे काम कार्यालयात चालते. लोकांच्या नजरेसमोर नव्हे.

मग उरते काय? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा कायदा नागरिकास दोन दारे उघडी ठेवतो. पहिले दार शहराच्या विकास आराखड्याचे. त्याची सुधारणा निदान वीस वर्षांतून एकदा झाली पाहिजे, असे कायदा सांगतो. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात हे दार फार तर तीन-चार वेळा उघडणार. दुसरे दार कलम ३७ चे. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करावयाचा असेल, तर महापालिकेने राजपत्रात सूचना प्रसिद्ध करावयाची आणि तेथून एक महिन्याच्या आत कोणासही हरकत घेता यावी, अशी ती योजना आहे. 'किरकोळ' हा शब्द कायद्यात आला आहे, तो व्यवहारात किती लवचिक आहे हे नगररचनेशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस विचारावे. एखाद्या भूखंडाचा रंग बदलणे कागदावर किरकोळच दिसते. नकाशात उद्योगाचा जांभळा रंग पुसून व्यापाराचा निळा भरला की झाले.

येथे नकाशाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. नकाशा वाचावयास आम्ही प्राथमिक शाळेत शिकतो. नदी निळी, डोंगर तपकिरी, हे दहा वर्षांच्या मुलास कळते. परंतु ज्या नकाशावर स्वतःचे घर, स्वतःची गल्ली, स्वतःच्या मुलाचे मैदान दाखविलेले आहे, तो नकाशा पदवीधर माणूसही आयुष्यात एकदा उघडून पाहत नाही. त्यात निव्वळ आळस आहे असेही नाही. खुणांची भाषा दुर्बोध, नियमांची भाषा बहुधा इंग्रजी, आणि सूचना छापलेली असते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या आणि हरवलेल्या भागपत्रांच्या जाहिरातींत दडून.

वाचला तर काय होते, त्याचे उदाहरण दूरचे नाही. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ च्या प्रारंभी निघाला. लोकांनी नकाशे पसरून आपली देवळे, चर्चे, रस्ते, जुन्या वास्तू शोधल्या, चुका दाखविल्या, हजारोंनी हरकती नोंदविल्या. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा मागे घेऊन नव्याने तयार करावयास सांगितला. सुधारलेला आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. तो निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही, पण पहिल्यापेक्षा तो बरा झाला तो वाचणाऱ्यांमुळे.

आणि न वाचल्यास काय होते, तेही मुंबईनेच दाखविले आहे. गिरण्यांच्या जमिनींविषयी १९९१ च्या नियमावलीत ५८ वा नियम होता. गिरणीची जमीन विकासास निघाली की ढोबळमानाने एक हिस्सा महापालिकेचा, एक गृहनिर्माणाचा, एक मालकाचा, अशी ती वाटणी. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणीची 'मोकळी जमीन' म्हणजे ज्यावर पूर्वीपासून बांधकाम नव्हते तेवढीच, असा अर्थ निघाला. गिरणीची इमारत पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीबाहेर गेली. मैदानांचा आणि कामगारांच्या घरांचा वाटा त्या एका व्याख्येने आटला. प्रकरण न्यायालयात पोचेपर्यंत चार वर्षे लोटली होती, गिरण्यांचे लिलाव होऊ लागले होते, आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. लालबाग-परळात आज जी काचेची संकुले दिसतात, त्यांतील पुष्कळांचा पाया त्या व्याख्येत आहे. कोलशेतची जमीन गिरणगावाइतकी मोठी नाही. परंतु उद्योगाने सोडलेली जमीन ही शहरास एकदाच मिळते, ही गोष्ट दोहोंकडे सारखीच आहे.

कोलशेतनेही यापूर्वी काही मिळविले आहे, हे सांगितले पाहिजे. कोलशेत मार्गावर २०२४ मध्ये खुले झालेले सुमारे वीस एकरांचे उद्यान हे कारखानी जमिनीच्या विकासातूनच शहरास आले. रविवारी तेथे मुलांची जी झुंबड उडते ती पाहिली की मोकळ्या जागेची भूक किती आहे ते कळते. उद्यानात पाऊल टाकावयास पैसे मोजावे लागावेत, हे मात्र आमच्या जुन्या मनास पटत नाही. असो.

आता कचेऱ्यांच्या संकुलाचा हिशेब. त्यात चार-पाच हजार माणसे येणार असे धरले, तर ती येणार कशी? केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोस मंजुरी दिली. २९ किलोमीटर, २२ स्थानके, १२,२०० कोटी रुपये, आणि पूर्णतेचे वर्ष २०२९. त्यातील एका स्थानकाचे नाव 'कोलशेत इंडस्ट्रियल एरिया' असे आहे. कारखाने गेले, नाव राहिले. राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ वर कोलशेत आणि डोंबिवली येथे बंदरे बांधण्याची योजना आहे. ती खरोखर चालली तर डोंबिवलीच्या माणसास मुंब्र्याचे वळण टाळून कामावर येता येईल, आणि त्याहून चांगले काय असेल? बाळकुम ते गायमुख असा खाडीकाठचा रस्ताही योजनेत आहे. परंतु आमचा अनुभव असा की या शहरात इमारत आधी येते आणि वाहन नंतर. म्हणून संकुलाच्या कोणत्या टप्प्यास भोगवटा प्रमाणपत्र मिळावयाचे ते कोणती गाडी सुरू झाल्यावर, ही अट परवानगीतच लिहिली पाहिजे. मागाहून लिहिलेल्या अटी कोणी पाळत नाही.

पाण्याचेही तसेच. २०१७ मध्ये घोडबंदर पट्ट्यातील पाणीटंचाईची तक्रार मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने तेथील नव्या बांधकामांना काही काळ अटकाव केला. जे गणित नगररचना खात्याने करावयाचे, ते न्यायमूर्तींना करावे लागले. ठाण्याचे पाणी उल्हास आणि भातसा या नद्यांतून येते. त्याच नद्यांवर भिवंडी, कल्याण, मीरा-भाईंदर आणि भातसेच्या बाबतीत खुद्द मुंबईही तहान भागविते. तेव्हा संकुलास किती पाणी लागेल, ते कोणाच्या वाट्यातून येईल, हे दोन आकडे जाहीर व्हावयास हरकत कोणती?

खाडीचा प्रश्न यांहून नाजूक आहे. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला तर नाल्याचे पाणी मागे फिरते, हे कोळीवाड्यातील मुलासही ठाऊक असते. मिठीच्या मुखाजवळ, खाजणात भर घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. १९७७ पासून त्याच्या नियोजनाचा अधिकार प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडे आला. फोर्ट-नरिमन पॉइंटचा भार हलका करणे हा त्यामागचा हेतू चांगला होता, आणि संकुल यशस्वी झाले हेही खरे. परंतु २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अरुंद झालेल्या मिठीने आजूबाजूच्या वस्तीकडून त्याची किंमत वसूल केली. कोलशेतला कांदळवन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनाची तोड निषिद्ध ठरवून भोवतालचा पन्नास मीटरांचा पट्टाही राखावयास सांगितले आहे. तो पट्टा कोलशेतच्या नकाशावर कोठून कोठे जातो, तो रंगवून दाखवा, एवढेच मागणे आहे. त्याचबरोबर, जेथे दशकानुदशके रसायने हाताळली गेली त्या जमिनीखाली काय आहे, याची तपासणी बांधकामापूर्वी व्हावी. जमीन दूषितच आहे असे गृहीत धरणे कंपन्यांवर अन्याय होईल. पण न तपासता शुद्ध मानणे हा तेथे बसणाऱ्या कारकुनावर अन्याय होईल.

ठाण्याच्या सुधारित आराखड्याचा मसुदा २०२४ मध्ये निघाला, तेव्हा सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकाकडे होता. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीवर स्थायी समितीचे तीन सदस्य असावेत, असे कायदा म्हणतो. ज्या शहरात तेव्हा स्थायी समितीच नव्हती, तेथे त्या तीन जागांचा अर्थ काय राहिला? अधिकारी अप्रामाणिक असतात असा आमचा आरोप नाही. परंतु गावठाणातील म्हातारीचे गाऱ्हाणे घेऊन भांडणारा माणूस त्या टेबलाशी असावा, हीच तर त्या तीन जागांमागील कल्पना होती.

म्हणून महापालिकेकडे आमचे मागणे अवास्तव नाही. कोलशेतच्या कारखानी जमिनीवर कोणतेही मोठे संकुल विचारार्थ येईल, तेव्हा कायदा सुनावणीची सक्ती करीत नसला तरी ती मनाईही करीत नाही. महापालिकेने ती स्वतःहून घ्यावी. पाणी, रस्ते, नाले, मोकळी जागा आणि कांदळवनाची हद्द यांचा दोन पानी हिशेब मराठीत छापून प्रभाग कार्यालयात, गावाच्या देवळात आणि नव्या इमारतींच्या दारात लावावा. आणि ती सुनावणी मंगळवारी सकाळी अकरा वाजता मुख्यालयात ठेवू नये, कारण त्या वेळी ज्याला बोलावयाचे आहे तो ठाणेकर फोर्टात किंवा अंधेरीत हजेरीपटावर सही करीत असतो. रविवारी, कोलशेतच्याच एखाद्या शाळेच्या पटांगणात ती घ्यावी, आणि नकाशा भिंतीवर इतका मोठा टांगावा की मागच्या रांगेतल्यालाही आपले घर बोटाने दाखविता यावे.