वतनाची जमीन : अंगठा देण्यापूर्वी

शहराबाहेर रस्त्याची आखणी झाली की दलालाची मोटार पहिल्यांदा महार वतनाच्या रानाकडेच का वळते? कारण सातबारा सामाईक, वारस पन्नास आणि घरात अडचण, हे त्याला पक्के ठाऊक असते. परवा एक वृद्ध बांधव कागद घेऊन आले. ‘वकीलसाहेब, विसार घेतला, कुलमुखत्यारपत्रावर अंगठा दिला. जमीन गेली का?’

गेली नाही. 1958 च्या कनिष्ठ वतन निर्मूलन कायद्याने वतनदारांना परत मिळालेली ही जमीन भोगवटादार वर्ग 2 ची आहे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि नजराणा याशिवाय ती विकता येत नाही. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. पण याच कागदाच्या जोरावर दलाल आपल्याच नावाने परवानगीचा अर्ज करतो. म्हणून मुखत्यारपत्र नोंदणी करून रद्द करा आणि तहसील व जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा.

‘माझ्या पश्चात कुणी विकू नये’ असे बक्षीसपत्रात लिहिले तर पुरेल का, असेही अनेकजण विचारतात. पुरत नाही. विक्रीवर कायमची बंदी घालणारी अशी अट मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 10 नुसार व्यर्थ ठरते. सार्वजनिक न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे खरे. परंतु न्यास शेतकरी नसल्याने त्याला शेतजमीन देण्यासाठी आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि जमीन कुटुंबाच्या हातून जाते ती जातेच.

मग उपाय काय? सर्व वारसांची, विशेषतः मुलींची, नोंद करून घ्या. जितक्या सह्या लागतील तितका दलाल अडतो. फेरफाराची नोटीस आली की पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. सावकाराने कर्जापोटी खरेदीखत करून घेतले असेल तर 2014 च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करा. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर जमीन परत मिळते.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाचे विधेयक आणले. वतनाची गुलामी जावी, पण जमीन कसणाऱ्याकडे राहावी, हा त्यामागचा विचार होता. गुलामी गेली. जमीन मात्र आपण लग्नाच्या खर्चासाठी आणि भाऊबंदकीच्या रागापोटी घालवतो आहोत. कायदा दारात उभा राहील, पण आतून कडी आपल्यालाच लावावी लागेल. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार सातबारा वाचनाचा ठेवा. अंगठा उठण्यापूर्वी कागद वाचला गेला पाहिजे.